पहिली तीन गाणी

रॉक मैफलीत फोटो काढणाऱ्यांना पहिली तीन गाणी मिळतात. रिवाज जगभर आहे, आणि तो कुणी पाडला असं विचाराल तर प्रत्येक जण वेगळं नाव सांगेल. स्टेज आणि प्रेक्षकांचा कठडा यांच्यामध्ये सहा फुटांची पट्टी असते, तिला पिट म्हणतात. त्यात उभं राहायचं, मान वर करून फोटो काढायचे, तिसरं गाणं संपून सुरक्षावाला 'चला' म्हणाला की मुकाट्याने बाहेर पडायचं. दुसरा नियम फ्लॅशचा, म्हणजे तो मारायचा नाही. पिटमध्ये फ्लॅश मारणं म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात शिरणं. मृदुला खैरनारने सतरा वर्षांत यातला एकही नियम मोडला नव्हता.

तिचा एक तिसरा नियमही होता, पण तो घरचा. 'कातळ' बँडचा ड्रमर हर्षल हा तिचा धाकटा भाऊ. लहानपणी नाशिकरोडच्या घरी हा गच्चीवर तेलाचे डबे उलटे मांडून बडवायचा आणि खाली बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे. मृदुला जिन्यात पहाऱ्याला. बाबांना जाग आली नसेल तर तिने अंगठा वर करायचा, मग हा पुढचं वाजवणार. ती सवय दोघांनी अजून सोडली नव्हती. तिसरं गाणं संपलं की हर्षल ड्रमच्या मागून मान लांब करून पिटमध्ये पाहायचा, मृदुला अंगठा दाखवायची, तो हातातली काडी बोटांत गरगर फिरवायचा आणि ती निघून जायची. फोटो चांगला मिळाला, एवढाच तिच्या लेखी त्या अंगठ्याचा अर्थ. हर्षल त्यातून काय घेत होता, हे तिने कधी विचारलं नाही.

त्या ऑक्टोबरात गंगापूर धरणाच्या पाण्यालगत, द्राक्षबागांच्या मधल्या माळावर कातळचा आजवरचा सगळ्यांत मोठा कार्यक्रम होता. चाळीस हजार माणसं येणार होती. सुरुवात सहाला, सूर्य मावळता मावळता. दुपारी चारला बँड आवाज तपासायला स्टेजवर आला, तेव्हा मृदुलाने सहज म्हणून भावाचा एक फोटो घेतला. दिवे लागलेले नव्हते, लख्ख ऊन होतं. कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल अक्षरं उमटली: शंकास्पद. मोहोर नाकारली.

आता ही मोहोर काय ते सांगायला हवं. बनावट फोटोंचा असा सुळसुळाट झाला होता की वर्तमानपत्रांनी एक दिवस हात टेकले. कुठला गायक खरोखर स्टेजवर उभा होता आणि कुठला यंत्राने रंगवला, हे डोळ्यांना कळेनासं झालं. मग कुणाला तरी रक्ताची आठवण झाली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक लाट येते. कातडी किंचित, अगदी किंचित तांबूस होते आणि परत फिकी पडते. आपल्याला ते दिसत नाही, चांगल्या सेन्सरला दिसतं. प्रयोगशाळेतल्या स्थिर उजेडात हे फार पूर्वीच जमलं होतं. नव्या कॅमेऱ्यांनी ते हलत्या, घामेजल्या चेहऱ्यांवरही जमवलं. ही लाट चेहऱ्याच्या सगळ्या भागांत एकाच क्षणी पोचत नाही, कुठे आधी, कुठे निमिषभराने, आणि ही गुंतागुंत नक्कल करणाऱ्या यंत्रांना काही केल्या साधेना. तेव्हा असं ठरलं की प्रत्येक फोटोसोबत त्याआधीच्या दहा सेकंदांची नाडी जोडायची, तपासणी केंद्राने ती पाहून मोहोर द्यायची, आणि मोहोरेशिवाय फोटो कुणीही छापायचा नाही.

घोडं अडलं ते स्टेजच्या दिव्यांपाशी. हे दिवे डोळ्यांना स्थिर वाटतात, पण सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात, आणि त्या लुकलुकीत नाडी वेडीवाकडी उमटते. वेडीवाकडी नाडी म्हणजे बनावट माणूस, असं केंद्राचं सरळ गणित. मैफलींचे फोटो धडाधड परत येऊ लागले. कॅमेरे बनवणाऱ्यांनी मग एक सोय करून दिली. तालात न बसणारा ठोका दिव्याची चूक समजायचा, काढून टाकायचा आणि त्या जागी सरासरी ठोका बसवायचा. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर जिवंत चालणारी नाडीची रेघही सुरळीतच दिसायची. पिटमधली मंडळी या सोयीला गाळणी म्हणत. घरून निघताना बॅटरी, कार्ड, गाळणी एवढं पाहिलं की काम झालं.

"उन्हात कशाला हवी, म्हणून मी गाळणी बंद ठेवली होती," मृदुला तौफिकभाईंना म्हणाली. तौफिक शेख हे पिटमधले सगळ्यांत जुने फोटोग्राफर. दाढी पांढरी झाली होती, तरी फोटोसाठी अजून गुडघ्यावर बसत आणि उठताना शेजाऱ्याचा खांदा धरत.

"मग लाव की. त्यात काय एवढं?"

"भाई, सूर्य लुकलुकत नाही."

तौफिकभाईंनी खात्री करून घ्यावी तसं वर पाहिलं. "लेन्सवर धूळ असेल. माझा काढून बघ."

त्यांचा काढला, मोहोर लगेच मिळाली. चहावाल्या मावशींचा काढला, मिळाली. हात लांब करून स्वतःचा काढला, तोही पास झाला. मग तिने पुन्हा हर्षलवर कॅमेरा रोखला आणि पुन्हा लाल अक्षरं आली. सवयीने बोट गाळणीच्या बटणावर गेलं. हिरवी खूण उमटली. मृदुलाने सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता बाहेर पडायच्या आत तिचं बोट बटणावरच थांबलं. गाळणीने आत्ता काय काढून टाकलं होतं?

गाळणी लागते ती फक्त मोहोरेपुरती आणि पडद्यावरच्या रेघेपुरती. मूळ नोंद फाइलीत तशीच पडून राहते आणि ती कुणी उघडत नाही, कारण उघडायचं कारणच नसतं. मृदुला सामानाच्या गाडीत जाऊन बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि हर्षलचे जुने फोटो उघडू लागली. बहुतेक नोंदी दिव्यांनी नासवलेल्या, नुसती विसकटलेली रेघ. त्यातून काही वाचणं अशक्य होतं. मग तिला फेब्रुवारीतला पुण्याचा कार्यक्रम आठवला. तिथे तिसऱ्या गाण्यात हर्षल एकटाच वाजवत असताना सगळे दिवे विझवून डोक्यावर एकच जुना, तारेचा, पिवळा दिवा ठेवला होता. तारेचा दिवा तापलेला असतो, तो तसा लुकलुकत नाही. त्या उजेडातला एक फोटो तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत होता. दोन्ही हात वर, मान मागे टाकलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि चेहऱ्यावर विलक्षण शांतता. त्याला 'समाधी' असं नाव कुणीतरी दिलं होतं. त्या फोटोने मृदुलाला राष्ट्रीय पारितोषिक मिळवून दिलं होतं, आणि हर्षलच्या बैठकीच्या खोलीत त्याची भिंतभर प्रत लावलेली होती.

तिने मूळ नोंद उघडली. ठोके जवळजवळ, वेगाने चाललेले. मग रेघ आडवी झाली. तिने पडद्याला बोट लावून मोजलं. अडीच सेकंद. अडीच सेकंद काहीच नव्हतं. लगेच पुढच्या फोटोच्या नोंदीत सात-आठ ठोके एकमेकांवर आदळत आलेले, आणि मग पुन्हा सगळं सुरळीत. 'समाधी'चा फोटो त्या आडव्या रेघेच्या शेवटाला घेतलेला होता.

ती समाधी नव्हती. तिच्या भावाचं हृदय थांबलं होतं आणि तिने त्याचा फोटो काढला होता.

बाबा त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. विसर्जनाच्या मिरवणुकीत, कमरेला ढोल बांधलेला असतानाच कोसळले. ऊन लागलं असं लोक म्हणाले, घरच्यांनीही तेच धरून ठेवलं. हर्षलला गेल्या महिन्यात एकेचाळीस पूर्ण झाली होती.

स्टेजच्या मागे तो बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत बसला होता. तिने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. एवढं नीट, एका दमात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"अगं ताई," तो हसला, "तुझा कॅमेरा फोटो काढायला आहे. दवाखाना नाही तो."

"तुला चक्कर येते का?"

"ड्रम बडवणाऱ्याला नाही येणार तर काय पेटीवाल्याला येणार?"

"म्हणजे येते."

हर्षलने पट्टी दातांनी तोडली. "दोनदा आली. तीनदा म्हण. पाणी कमी पडतं मला."

"आज वाजवू नकोस. पाया पडते तुझ्या. आपल्या बाबांचं—"

"बाबांना मधे आणू नकोस." त्याचा आवाज चढला, मग त्याने स्वतःच तो खाली आणला. "चाळीस हजार माणसं येतायत, ताई. अकरा वर्षं घासलीय आम्ही. मी उठून गेलो तर बाकीच्या तिघांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

"दोन मिनिटं डॉक्टरच्या तंबूत चल. ईसीजीची एक पट्टी काढून घेऊ."

"आणि पट्टीत काही निघालं तर ते मला स्टेजवर सोडतील?" तो म्हणाला. म्हणजे त्यालाही भीती होतीच, हे तिला कळलं आणि तिची भीती दुप्पट झाली. हर्षलने तिचा हात धरला. "हे बघ, तुला तीन गाणी असतात ना? गाळणी बंद कर आणि बघ. ठीक दिसलं तर अंगठा दाखव. नाही दिसलं तर नको दाखवू, मी तिथल्या तिथे काड्या खाली ठेवतो. आईशप्पथ."

मृदुला धावत तंबूत गेली. डॉक्टर तरुण होत्या, गुंजाळ नावाच्या. त्यांनी लॅपटॉपवरची आडवी रेघ पाहिली आणि ओठ आवळले. "कॅमेऱ्यावरून मला कार्यक्रम बंद करता येणार नाही. त्यांना इथे आणा."

"तो येत नाही."

"मग मी येते. झटक्याचं मशीन घेऊन स्टेजच्या डाव्या अंगाला उभी राहते. त्याहून जास्त माझ्या हातात नाही हो."

सहा वाजले. पाण्यावर सूर्य टेकला, दिवे लागले आणि चाळीस हजार माणसांनी एकदम आरोळी ठोकली. मृदुला पिटमध्ये उभी होती, डोळा कॅमेऱ्याला, गाळणी बंद. पहिलं गाणं सुरू झालं तशी पडद्यावरच्या सगळ्या रेघा फुटल्या. हर्षलची फुटली, गायकाची फुटली, गिटारवाल्याची फुटली. निळा दिवा, जांभळा दिवा, पांढऱ्याचे फटकारे. यांच्यातलं कुणी मरायला टेकलंय की चौघेही धडधाकट आहेत, काही म्हणता काही कळेना. चार मिनिटं गेली. तिने एकही फोटो काढला नव्हता. मनातल्या मनात ती देवाला नाही, बाबांना हाका मारत होती.

दुसऱ्या गाण्यात तिला वाट सापडली. बास गिटार वाजवणारी पर्णिका ड्रमच्या अगदी शेजारी उभी होती. दोघांच्या तोंडावर एकाच दिव्याचा उजेड पडत होता. दिवा लुकलुकला तर दोघांची रेघ एकाच क्षणी फुटायला हवी. मृदुलाने दोन्ही चेहरे चौकटीत घेतले, दोन्ही रेघा एकीखाली एक लावल्या. फुटली, दोघांची. पुन्हा फुटली, दोघांची. हा दिवा. हाही दिवा. मग एक ठोका फक्त हर्षलचा चुकला. पर्णिकाची रेघ खालून बिनघोर चालली होती.

तिने मोजायला सुरुवात केली. दुसरं गाणं संपेपर्यंत अकरा झाले.

"भाई," ती शेजारी ओरडली, "दिवे नाहीत! तोच आहे!" तौफिकभाईंना ऐकू गेलं नाही. कानात बोळे घातलेले होते. तिसरं गाणं निम्म्यावर आलं आणि हर्षलची रेघ आडवी झाली. एक सेकंद. त्याचे हात चालूच होते. अकरा वर्षांची सवय, हातांना हृदयाची गरजच नसावी तसे. दोन. मग ठोके परत आले, गर्दी करून. चाळीस हजारांतल्या एकालाही काही कळलं नाही. लोक नाचत होते.

गाणं संपलं. हर्षलने मान लांब करून खाली पाहिलं.

मृदुलाने अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला होता. तिने मान हलवली, नाही, नाही. त्याने पाहिलं, त्याने पाहिलं यात तिला कधीच शंका वाटली नाही. त्याने हातातल्या काड्यांकडे पाहिलं, समोरच्या माणसांच्या समुद्राकडे पाहिलं, थोडासा, लाजल्यासारखा हसला, आणि काड्या डोक्यावर नेऊन एकमेकींवर आपटल्या. एक, दोन, एक दोन तीन चार. चौथं गाणं सुरू झालं.

"मॅडम, तीन झाली," सुरक्षावाला म्हणाला. "चला."

बाकीचे फोटोग्राफर निघाले. मृदुलाने पिशवीत हात घातला. कार्यक्रमानंतरच्या सामूहिक फोटोसाठी ती एक फ्लॅश जवळ बाळगायची. तो तिने कॅमेऱ्यावर चढवला.

"मृदुला, वेडी झालीस का!" तौफिकभाई ओरडले.

तिने थेट भावाच्या डोळ्यांत फ्लॅश मारला. पुन्हा मारला. पुन्हा. सुरक्षावाल्याने तिचा दंड धरला तरी ती बटण दाबतच राहिली.

हर्षलच्या काडीचा एक ठोका चुकला, मग दुसरा, आणि ड्रम थांबले. ड्रम थांबले की गाणं फार वेळ तग धरत नाही. गिटार दोन पावलं लंगडली आणि बसली. क्षणभर सगळं माळरान गप्प झालं, मग शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. हर्षलने स्टूल लाथेने उडवलं आणि तरातरा स्टेजच्या कडेपाशी आला. गायकाच्या माइकजवळ तो ओरडला, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं: "अक्कल आहे का तुला, ताई?"

पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्याने छातीवर हात ठेवला, आश्चर्य वाटल्यासारखं खाली पाहिलं आणि कोसळला. तौफिकभाई आणि तोच सुरक्षावाला यांनी त्याला पिटमध्ये अर्धवट झेलला. डॉक्टर गुंजाळ आठ पावलांवर होत्या. तो ड्रमच्या मागे असता तर त्यांना वायरी, पेट्या आणि पायऱ्या ओलांडून जावं लागलं असतं. पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. मृदुला कठड्याला पाठ लावून बसली होती, दोन्ही हात तोंडावर. तिसऱ्याला त्याचा पाय हलला.

फ्लॅशने आणि रागाने तो पडला, की बसल्या जागी पडणारच होता, हे पुढे मोठ्या डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. हृदयाची भिंत जाड झालेली होती आणि हा दोष बहुधा वडिलांकडून आला होता, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तौफिकभाई दवाखान्यात आले. खुर्ची ओढून बसले.

"गाळणी काढून माझ्या जुन्या फायली बघितल्या," ते म्हणाले. "उन्हातल्या, पिवळ्या दिव्यातल्या. दोन माणसं सापडली. एकाला फोन केला, तो आज तपासून घेणार आहे."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याचा फोन हल्ली त्याची बायको उचलते." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "काय बोलायचं ते सुचलं नाही. चुकून लागला म्हटलं आणि ठेवला."

हर्षलच्या छातीत आता काडेपेटीएवढं यंत्र बसवलं होतं. हृदय चुकलं तर आतूनच झटका देणारं. तो उशीला टेकून बसला होता. चेहरा उतरला होता, पण डोळे जागेवर होते. मृदुला सफरचंद कापत होती. तिचं लक्ष उशाशी चाललेल्या हिरव्या रेघेवरून हलत नव्हतं, आणि फोडी लहानमोठ्या होत होत्या.

"ताई, रागावू नकोस," तो म्हणाला. "अंगठा दिसला नाही तरी मी वाजवलं. शप्पथ मोडली."

"राहू दे आता."

"नाही, ऐक ना. मला वाटलं, तू उगाच घाबरलीयस. कारण पुण्याला याच्यापेक्षा वाईट झालं होतं. तुला सांगितलं नाही कधी. त्या पिवळ्या दिव्याखाली डोळ्यांपुढे एकदम काळोख आला. हात आपले आहेत की दुसऱ्याचे, तेसुद्धा कळेना. म्हटलं, संपलं, बाबांसारखंच. गाणं कसंबसं संपवलं आणि खाली बघितलं, तर तुझा अंगठा वर." तो हसला. "एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! ताईला नाडी दिसते, ताई म्हणतेय ठीक आहे, म्हणजे ठीकच असणार. म्हणून तर मग डॉक्टरकडेही गेलो नाही."

मृदुलाच्या हातातली सुरी थांबली. गप्प बसता आलं असतं. त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि ती गप्प बसली असती तर पुढेही कधी कळलं नसतं. पण ज्याची भीती वाटते ते गाळून टाकायची सवय किती महाग पडते, हे तिने नुकतंच पाहिलं होतं.

"हर्षल, त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं," ती म्हणाली. "गाळणी लावलेली होती. काढायचं लक्षातच आलं नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला. हसू ओठांवरून हळूहळू उतरलं. हिरवी रेघ चालत होती, ठोक्यामागे ठोका, एकसारखी.

"मग अंगठा कशाला दाखवलास?"

मृदुलाने सुरी ताटलीत ठेवली.

"फोटो चांगला आला होता," ती म्हणाली.